क्वालालंपूर ते बँकॉक रेल्वेनं: सीमा गाडीत नाही, स्टेशनात ओलांडायची आहे

वाचकाचं पत्र: आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. मी, बायको, नववीतली मुलगी आणि ७४ वर्षांची आई असे चौघं मलेशिया-थायलंडला जायचं म्हणतोय. विमानानं क्वालालंपूरला उतरायचं आणि तिथून बँकॉकपर्यंत रेल्वेनं जायचं, असा मुलीचा हट्ट आहे. कुणी सांगतं थेट गाडी आहे, कुणी म्हणतं नाही. सीमेवर मध्यरात्री उठवून सामानासकट उतरवतात का? आईला मधुमेह आहे, गुडघेही दुखतात. आम्ही पूर्ण शाकाहारी. दिवाळीच्या सुट्टीत जमेल असं वाटतं. सिंगापूरही जोडता येईल का? सविस्तर सांगावं.

उत्तर:

नमस्कार. मुलीचा हट्ट पुरवावा असाच आहे. आईंना घेऊनही हा प्रवास नीट होतो, फक्त तो कसा जोडलेला आहे हे आधी समजून घ्या.

क्वालालंपूर ते बँकॉक अशी रोजची थेट गाडी नाही. दोन देशांच्या दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि त्या पाडांग बेसार या स्टेशनावर भेटतात. हे स्टेशन मलेशियाच्या पर्लिस राज्यात, अगदी सीमेला लागून आहे. तुमच्या वाचनात आलेली थेट गाडी म्हणजे बहुधा बँकॉकहून मलेशियातल्या बटरवर्थपर्यंत जाणारी जुनी आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस. २०१६ च्या अखेरीस तिची धाव पाडांग बेसारपर्यंतच ठेवली गेली, पण जुने लेख नेटवर अजून फिरत असतात. त्यामुळे मध्यरात्री कुणी उठवत नाही. सीमा दिवसाउजेडी, संध्याकाळच्या आत ओलांडून होते. सामानासकट उतरावं मात्र लागतं, सगळ्यांनाच. मलेशियातून बाहेर पडण्याचा आणि थायलंडमध्ये शिरण्याचा असे दोन्ही शिक्के त्याच स्टेशनात, एकामागोमाग एक मिळतात. म्हणून हा एक लांब प्रवास आहे असं धरूच नका. दोन गाड्या आहेत आणि मध्ये काही तासांची एक पोकळी आहे. या प्रवासात जे बिघडतं ते बहुतेक वेळा त्या पोकळीत बिघडतं.

आधी तारखांबद्दल बोलू, कारण दिवाळीचा बेत आम्हाला पटलेला नाही. आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा थायलंडच्या दक्षिण टोकाला ईशान्य मोसमी वारे पाऊस आणतात. नोव्हेंबर-डिसेंबर हे हाट याई आणि सोंगख्ला भागाचे सगळ्यात ओले महिने. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाट याई शहर पुराखाली गेलं होतं आणि तिथली रेल्वेसेवाही कोलमडली होती. तुमची गाडी याच शहरातून जाते. दरवर्षी इतकं भयंकर होत नाही, हे खरं. पण गुडघे दुखणाऱ्या आईंना घेऊन गाडी रद्द होण्याची टांगती तलवार कशाला? फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा. मुलीच्या परीक्षेमुळे एप्रिलच गाठावा लागला तर १३ ते १५ एप्रिल हा थाई नववर्षाचा सोंगक्रान टाळा, त्याच्या मागचेपुढचे तीनचार दिवसही टाळा. त्या आठवड्यात अख्खं बँकॉक गावी जातं आणि परत येतं, बर्थ मिळत नाही. मलेशियाच्या बाजूला ईद आणि चिनी नववर्षाच्या आसपास गाड्या भरतात. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून कॅलेंडर बघूनच दिवस पक्का करा. मे महिना गरम आणि दमट असतो, पण नागपूरचा मे सोसणाऱ्यांना तो जड जाणार नाही.

आता तिकिटं. दोन्ही रेल्वेंचं एकत्र तिकीट निघत नाही, दोन वेगळी काढायची. पहिलं मलेशियाच्या रेल्वेचं, क्वालालंपूर सेंट्रल ते पाडांग बेसार. ही ईटीएस नावाची विजेवर धावणारी गाडी आहे, ताशी १४० किलोमीटरपर्यंत जाते आणि हे अंतर साधारण साडेपाच तासांत कापते. बसायच्या खुर्च्या असतात, बर्थ नाही. तिकीट केटीएमबी या मलेशियाच्या रेल्वे कंपनीच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर निघतं आणि प्रत्येकाचा पासपोर्ट क्रमांक भरावा लागतो. दुसरं तिकीट थाई रेल्वेचं, पाडांग बेसार ते बँकॉक, गाडी क्रमांक ४६. ते थाई रेल्वेच्या डी-तिकीट संकेतस्थळावर बघा.

दोन्हींत अडचणीचं आहे ते थाई तिकीट, म्हणून तेच आधी काढा. पाडांग बेसारहून या गाडीचे फक्त दोन शयनयान डबे निघतात, दुसऱ्या वर्गाचे वातानुकूलित. हाट याईला ते सुंगाई कोलोक या पूर्वेकडच्या थाई सीमेवरच्या गावाहून आलेल्या मोठ्या गाडीला जोडले जातात. दोन डब्यांत खालचे बर्थ किती असणार? आईंना खालचाच बर्थ हवा, त्यात तडजोड नको. वरच्या बर्थला उभी शिडी चढावी लागते. चौघांत दोन खालचे आणि दोन वरचे समोरासमोर मिळाले तर उत्तम. थाई दुसऱ्या वर्गाच्या डब्यात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, वाटेला समांतर असे बर्थ असतात, म्हणजे आपल्या साइड लोअर आणि साइड अपरसारखे, पण आपल्यापेक्षा ऐसपैस. दिवसा खाली दोन खुर्च्या समोरासमोर असतात, रात्री अटेंडंट येऊन त्यांचा बिछाना करतो आणि पडदा लावतो. खालचा बर्थ रुंद असतो, खिडकी त्यालाच असते आणि भाडंही थोडं जास्त असतं. तो फरक द्या.

४६ मध्ये खालचे बर्थ संपले असतील तर वरच्या बर्थवर आईंना चढवण्यापेक्षा हाट याईहून निघणारी दुसरी गाडी घ्या. पाडांग बेसार ते हाट याई हे अंतर साधारण ४५ किलोमीटर आहे आणि त्यासाठी दिवसातून दोनदा छोटी शटल गाडी असते, तासाभरात पोहोचवते. हाट याईला एक रात्र हॉटेलात काढायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ३२ क्रमांकाची गाडी पकडायची. तिचे डबे २०१६ मध्ये आलेले, नवे आणि जास्त आरामशीर आहेत, शिवाय पहिल्या वर्गाच्या दोन-दोन जणांच्या खोल्याही आहेत. खरं सांगायचं तर मधुमेह आणि गुडघेदुखी दोन्ही असताना आम्हाला हाच मार्ग अधिक आवडतो. एक दिवस जास्त जातो, पण सकाळी साडेपाच तास खुर्चीत, मग सीमेवरची रांग, मग लगेच रात्रीची गाडी, हे सगळं आईंवर एकाच दिवसात येत नाही.

एक सूचना इथेच. नकाशावर मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यानं कोटा बारूकडून सुंगाई कोलोकमार्गे जाणारी वाटही दिसेल. ती घेऊ नका. याला, पट्टानी, नराथिवात या थाई प्रांतांत २००४ पासून सशस्त्र संघर्ष पेटलेला आहे. प्रवास विम्याच्या अटींत हे प्रांत बरेचदा वगळलेले असतात. विमा घेताना सोंगख्ला प्रांताबद्दलही एजंटला लेखी विचारून ठेवा, कारण हाट याई त्याच प्रांतात येतं.

विमानाचंही याच वेळी बघून टाका. नागपूरहून क्वालालंपूरला थेट विमान नाही, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू यांपैकी कुठूनतरी जावं लागतं. नागपूरपासूनचं आणि पुढचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण नागपूरचं विमान उशिरा निघून पुढचं चुकलं तर जबाबदारी कुणीच घेत नाही. परतीचं बँकॉकहून काढा. आईंसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर आधीच नोंदवून ठेवा.

घड्याळाकडे आता नीट लक्ष द्या. मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, थायलंड दीड तास पुढे. म्हणजे दोन्ही देशांत एका तासाचा फरक आहे आणि पाडांग बेसार स्टेशनात दोन्ही वेळा एकाच छपराखाली चालतात. मलेशियाची गाडी मलेशियाच्या वेळेनं, थाई गाडी थाई वेळेनं. ४६ क्रमांकाची गाडी संध्याकाळी पाचच्या सुमारास निघते असं थाई तिकिटावर दिसेल, तेव्हा स्टेशनाबाहेर मलेशियात सहा वाजलेले असतात. उत्तरेकडे जाताना ही गल्लत झाली तरी निभावतं, तुम्ही तासभर लवकर पोहोचता इतकंच. उलट दिशेनं, बँकॉकहून येताना, ती महागात पडते. थाई वेळेनं आठला उतरलेल्या माणसाला दहाच्या मलेशियन गाडीला दोन तास आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात एकच उरलेला असतो आणि तो इमिग्रेशनच्या रांगेत जातो. ओळखीत कुणी उलट दिशेनं जाणार असेल तर हे नक्की सांगा. मोबाइलवर विसंबू नका. सीमेजवळ तो कधी या देशाचा टॉवर पकडतो, कधी त्या देशाचा, आणि वेळ आपोआप बदलतो. एकाच्या मनगटावर साधं घड्याळ थाई वेळेला लावून ठेवा. तिकिटाच्या छापील प्रतीवर पेननं दोन्ही वेळा लिहा.

क्वालालंपूरहून सकाळी साडेआठ-नवाच्या आत निघणारी ईटीएस घ्या, म्हणजे दुपारी दोन-अडीचपर्यंत पाडांग बेसारला पोहोचाल आणि थाई गाडीला मलेशियाच्या वेळेनं तीन तासांहून जास्त राहतील. इतका वेळ कशाला, असं मुलगी म्हणेल. ईटीएस तासभर रखडली तरी तुमची गाडी सुटू नये म्हणून. दुसऱ्या रेल्वेच्या उशिरामुळे थाई गाडी थांबत नाही आणि तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. क्वालालंपूर सेंट्रलवर गाडीच्या वेळेआधी किमान अर्धा तास पोहोचा. फलाट खाली आहे, गेट उघडल्यावर तिकीट दाखवून उतरायचं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं. पळत जाऊन चालती गाडी पकडण्याचा प्रकार तिथे नाही.

पाडांग बेसारला उतरल्यावर सामान मोजा, मगच फलाट सोडा. ही गाडी यार्डात गेली की मागे राहिलेली पिशवी परत मिळवणं अवघड. इमिग्रेशनचे काउंटर सहसा थाई गाडीच्या वेळेच्या साधारण तासभर आधी हलू लागतात, तोवर बसायला जागा आणि खाण्याच्या किरकोळ सोयी आहेत. आईंना इथे काहीतरी खायला घाला, कारण पुढचा तास रांगेत जाईल आणि साखर उतरण्याचा धोका रांगेतच असतो. आधी मलेशियाचा काउंटर येतो, मग थायलंडचा. थाई काउंटरवर फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. आईंच्या बोटांचे ठसे वयामुळे पुसट उमटत असतील तर हात कोरडा पुसून, हलकं क्रीम चोळून ठेवा. चौघांनी एकाच रांगेत उभं राहा. आईंना आधी जाऊ द्या, तुम्ही शेवटी जा, म्हणजे काही अडलं तर मागून बोलायला कुणीतरी असेल. थाई शिक्क्यात तुम्हाला कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ते छापलेलं असतं. काउंटरवरून हलण्याआधी चारही पासपोर्टांवरची ती तारीख वाचा. चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त होते, बँकॉकला पोहोचल्यावर ऑफिसात अर्धा दिवस जातो. त्यानंतर कस्टमची तपासणी, बॅगा यंत्रातून जातात, आणि मग गाडी.

नागपूर स्टेशनवर कुलीला हाक मारता येते, इथे कुलीची सोय नाही. बॅगेचं वजन ठरवताना हे डोक्यात असू द्या. माणशी एक चाकाची बॅग, १२ ते १५ किलोची, आणि पाठीवर एक छोटी सॅक. आईंचे हात मोकळे असावेत, त्यांची बॅग तुमच्या बॅगेच्या दांड्यावर अडकेल अशी घ्या. ज्या बॅगा तुम्ही चौघं मिळून एका खेपेत पंचवीस पायऱ्या चढवू शकत नाही, त्या जास्त आहेत. घरीच चढवून बघा.

कागदपत्रं. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा, चौघांचाही. आईंचा संपत आला असेल तर नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आत्ताच वेळ घ्या. आपल्याकडे नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. तिकिटावर आणि फॉर्मवर ते पासपोर्टात आहे तसंच्या तसं भरा, मधलं नाव गाळू नका. आईंचा पासपोर्ट जुना असून त्यावर ईसीआर, म्हणजे काही देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी, असा शेरा असेल तरी घाबरू नका. मलेशिया आणि थायलंड त्या देशांच्या यादीत आहेत, पण ती अट नोकरीसाठी जाणाऱ्यांना असते. पर्यटकानं परतीचं तिकीट आणि हॉटेलची नोंदणी हाताशी ठेवावी. पन्नाशीपुढच्यांना नव्या पासपोर्टात ती अट लागत नाहीच.

मलेशियानं भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश डिसेंबर २०२३ पासून सुरू केला आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. तुमची सहल त्यापुढची असेल तर तिकीट काढण्याआधी ती पुन्हा वाढली का, हे मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर बघा. थायलंडही नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय येऊ देऊ लागला, पण तिथली मुदत आणि अटी सरकार बदलत असतं. थाई दूतावासाचं पान तिकीट काढण्याच्या आठवड्यात एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा. ट्रॅव्हल एजंटच्या किंवा शेजाऱ्यांच्या तोंडी माहितीवर राहू नका, आमच्याही नाही.

व्हिसा नको असला तरी दोन्ही देशांचे डिजिटल फॉर्म भरावे लागतात. मलेशियाचा एमडीएसी, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. थायलंडचा टीडीएसी, १ मे २०२५ पासून सक्तीचा, तोही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. म्हणजे क्वालालंपूरला तीनचार दिवस राहणार असाल तर थायलंडचा फॉर्म नागपुरातून भरता येणार नाही, क्वालालंपूरच्या हॉटेलात बसून भरायचा. दोन्ही फुकट आहेत. शोधयंत्रात वर दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. टीडीएसी भरताना तीन ठिकाणी रेल्वेनं जाणाऱ्यांची गडबड होते. एक, प्रवासाचा प्रकार विमान नव्हे, जमिनीवरून, आणि त्यात रेल्वे. दुसरी आणि मोठी चूक तारखेची. लोक बँकॉकला पोहोचण्याची सकाळ लिहितात. तुम्ही थायलंडमध्ये शिरता ते आदल्या संध्याकाळी पाडांग बेसारला, म्हणून गाडीत बसण्याची तारीख लिहायची. तिसरी गोष्ट, गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या देशांत होतात हे विचारतात, तिथे भारत आणि मलेशिया दोन्ही हवेत. भरून झाल्यावर आलेला क्यूआर कोड हॉटेलच्या रिसेप्शनवर कागदावर छापून घ्या. मलेशियाचं सिम सीमेवर निकामी होतं आणि नेमका त्याच क्षणी तो कोड दाखवायचा असतो. दोन्ही देशांत चालणारं ई-सिम घेतलं तर ही अडचण येत नाही, तरी कागद हवाच.

आईंच्या औषधांची पिशवी त्यांच्या बर्थवर, हाताशी. सामानाच्या बॅगेत नाही आणि विमानात चेक-इनमध्ये तर मुळीच नाही. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डब्यात सुट्या भरू नका. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र घ्या, त्यात औषधाचं मूळ रासायनिक नाव, मात्रा आणि किती दिवसांची ते असावं, कंपनीचं नाव परदेशात कुणाला कळत नाही. झोपेच्या किंवा घबराटीवरच्या गोळ्या, जसं अल्प्राझोलाम, थायलंडमध्ये नियंत्रित औषधांत येतात. त्या लागत असतील तर ३० दिवसांपेक्षा जास्त नेऊ नका आणि पत्र त्यांच्यासोबतच ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर नेऊच नका. इन्सुलिन असेल तर गाडीत फ्रिज नाही हे धरून चाला. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकतं, पण उन्हात किंवा बर्फाला चिकटून ठेवलं की खराब होतं. इन्सुलिनसाठीचं थंड पाऊच घ्या. घड्याळ अडीच तास पुढे आणि मग एक तास मागे जाणार आहे, तेव्हा डोस घड्याळाला बांधायचा की जेवणाला, हे आईंच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

खाण्याचं बघा. ईटीएसमध्ये छोटं कॅफे असतं, पण शाकाहारी माणसानं त्याच्या भरवशावर निघू नये. मलेशियात नासी लेमाक सगळीकडे मिळतो, वरून भात-शेंगदाणे-काकडीचं ताट वाटतं, पण त्यात वाळवलेले बारीक मासे असतात आणि त्याच्या सांबल नावाच्या तिखट चटणीत बहुधा कोळंबीची पेस्ट. थायलंडमध्ये भाजीतही माशाचा सॉस घालतात, त्याला नाम प्ला म्हणतात. नुसतं व्हेज म्हटल्यानं मांस वगळलं जातं, सॉस नाही. तिथे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं 'जे' हे चिन्ह शोधा. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. आईंना कांदा-लसूण वर्ज्य असला तरी मनात शंका राहणार नाही असं ते अन्न.

सोपा उपाय क्वालालंपूर सेंट्रललाच लागून आहे. ब्रिकफील्ड्स ही तिथली भारतीय वस्ती, चालत जाण्याइतकी जवळ, दाक्षिणात्य शाकाहारी खानावळी भरपूर. आदल्या रात्री किंवा सकाळी तिथून इडली, लिंबूभात, चपाती बांधून घ्या, दोन वेळचं. दही आणि नारळाची चटणी नको, दुपारपर्यंत आंबते. त्या दिवशी सकाळचं बांधलेलं संध्याकाळी सातपर्यंत संपवा, दुसऱ्या सकाळसाठी घरून आणलेला कोरडा खाऊ ठेवा: दशम्या चारपाच दिवस टिकणाऱ्या, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, आईंसाठी फुटाणे आणि ग्लुकोजची पुडी. गाडीत उकळतं पाणी मिळेलच असं नाही, म्हणून झटपट उपम्याची पाकिटं फार नेऊ नका. एक थर्मास क्वालालंपूरलाच भरून घ्या.

आपल्याकडून संत्र्यांची पिशवी भेट म्हणून न्यायची सवय असते. या वेळी नाही. ताजी फळं, रोपं, बिया यांवर दोन्ही देशांत वनस्पती-संसर्गाचे नियम आहेत आणि सीमेवरच्या यंत्रात फळं लगेच दिसतात.

पैशांसाठी मलेशियाचे रिंगिट आणि थायलंडचे बाथ वेगळे लागतील. बाथ क्वालालंपूरमध्येच बदलून घ्या, सीमेवरच्या छोट्या दुकानात दर कमी मिळतो. गाडीतल्या आणि हाट याईच्या फलाटावरच्या खर्चासाठी २० आणि १०० बाथच्या नोटा सुट्या ठेवा.

रात्रीच्या गाडीत थंडी खूप असते, एसी कमी करा म्हणून सांगायची सोय नसते. पांघरूण मिळतं, तरी प्रत्येकाला एक शाल आणि मोजे हवेत, आईंना कानटोपी. हाट याईला तुमचे डबे दुसऱ्या गाडीला जोडताना दोनतीन धक्के बसतात आणि गाडी बराच वेळ उभी राहते. खाली उतरायचा मोह होईल. उतरायचंच असेल तर एकट्यानं, डब्याचा क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून, आणि दारासमोरून न हलता, कारण जोडणीत डबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि लोक भलत्याच गाडीशेजारी उभे राहतात. संध्याकाळी सहाला आणि सकाळी आठला थाई स्टेशनांत राष्ट्रगीत वाजतं. सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा. गाडीत दारू चालत नाही. ई-सिगारेट थायलंडमध्ये आणायलाच बंदी आहे. रात्री आईंच्या बर्थजवळची वाट अंधारी होते, तेव्हा शौचालयाच्या बाजूचा पण अगदी दाराशेजारचा नाही असा बर्थ निवडा आणि एक छोटी टॉर्च द्या. बॅगा साखळीनं बांधायची आपली सवय इथेही कामाची आहे.

बँकॉकला गाडी क्रुंग थेप अफिवात या नव्या मोठ्या स्टेशनात जाते. जानेवारी २०२३ पासून दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या तिथूनच सुटतात आणि तिथेच पोहोचतात. हुआ लाम्फोंग या जुन्या स्टेशनाजवळ हॉटेल घेतलंत तर उतरल्यावर परत मेट्रोनं जावं लागेल. नव्या स्टेशनाला मेट्रोची निळी मार्गिका जोडलेली आहे, तिचं स्टेशन बांग सू. डॉन मुआंग विमानतळाला तिथून थेट लाल मार्गिकेची लोकल जाते. सुवर्णभूमी या दुसऱ्या विमानतळाला मात्र गाडी बदलावी लागते, सामान आणि आई बरोबर असताना टॅक्सीच बरी. हाट याई-बँकॉक हे सुमारे साडेनऊशे किलोमीटर आहे आणि एक-दोन तास उशीर नेहमीचा, म्हणून त्याच दिवशी दुपारचं परतीचं विमान घेऊ नका. मध्ये एक रात्र हवी.

सिंगापूरबद्दल आमचं मत: या सहलीत नको. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत आधी काढावा लागतो आणि तिसऱ्या देशाचा तिसरा फॉर्मही येतो. तरी जायचंच असेल तर सहल तिथून सुरू करा, म्हणजे उलटसुलट फेरा पडत नाही. सिंगापूरच्या वुडलँड्स स्टेशनातून जोहोर बारूला पाच मिनिटांची शटल जाते. या दिशेनं दोन्ही देशांचं इमिग्रेशन गाडीत बसण्याआधी वुडलँड्सलाच होतं, त्यामुळे आईंना ते सोपं पडेल. या शटलच्या जागी नवी जलद रेल्वे येऊ घातली आहे, तेव्हा तारखेच्या जवळ काय चालू आहे ते बघून घ्या. आणि सिंगापूर जोडलंत तर खाऊच्या डब्यातून दोन गोष्टी काढून ठेवा. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे, म्हणून अनारसे, खसखशीचे लाडू आणि सावजी मसाल्याची पुडी नागपुरातच राहू द्या. खर्रा, गुटखा, खैनी यांवरही सिंगापुरात बंदी आहे. बॅगेच्या कुठल्या कप्प्यात जुनी पुडी राहिली नाही ना, ते निघण्याच्या आदल्या रात्री झटकून बघा.